मांडीचं कातडं

पानवेलीच्या वाडीत पायात वहाण घालून कोणी जात नाही. आमच्याकडे आंघोळ केल्याशिवायही जात नसत. बाईचे बाजूला बसायचे दिवस असले की ती कुडाच्या अलीकडे थांबायची. हे पान देवापुढे जातं, लग्नात जातं, सुपारीखाली जातं, म्हणून. माझ्या आईला कारण विचारलं तर ती एवढंच सांगायची, "वेल नाजूक हाय. तिला कळतं."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलीला कळतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण हा रिवाज आधी सांगितला नाही तर माझ्या बायकोच्या हाताचं पुढे काय झालं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगून ठेवलं.

आमची वाडी केळव्याहून एडवणकडे जाताना लागते, रस्त्यापासून आत, सुरूच्या बनाच्या अलीकडे. फार मोठी नव्हे. कडेने माड आणि सुपारी, कोपऱ्यात एक आंबा, मधे केळी, आणि बांबूच्या काठ्यांवर चढवलेले पानवेल. वाडी आईची. बाप लवकर गेला, तेव्हापासून ती तिथली मालक, मुकादम आणि पोलीस. मी एकोणीसशे सत्तरच्या पुढे बोईसरला रंगाच्या कारखान्यात लागलो. एका पाळीला पिवळा रंग, एका पाळीला लाल. रंग नखांत इतका मुरला की साबणाने जाईना. आईने मला पहिल्याच वर्षी वेलीपासून तोडलं. म्हणाली, "तुझं हात आता कारखान्याचं. माडाला पाणी घाल, नारळ सोल. वेलीला शिवायचं नाय." मला काही वाईट वाटलं नाही. एक काम कमी झालं.

बायको मात्र वेलीची झाली. लग्न होऊन आली तेव्हा तिला नुसतं पान खाता येत होतं. आईने तिला शिकवलं. वेल वर चढतो तसा तो काठीला बांधावा लागतो, केळीच्या खोडाच्या सुकलेल्या सोपटाने. गाठ घट्ट बसली तर वेलीचा गळा आवळतो, सैल राहिली तर वाऱ्याने पडतो. गाठीत आपलं बोट जाईल एवढी जागा ठेवायची. पान खुडायचं ते अंगठ्याच्या नखाने, देठ थोडा ठेवून. किती ठेवायचा हे डोळ्याने बघायचं नसतं, अंगठ्याला कळावं लागतं. दोनचार वर्षांत तिच्या अंगठ्याला ते आईपेक्षा जास्त कळायला लागलं. दोन्ही हातांनी खुडायची आणि तोंड चालूच. डोंगराकडच्या बाया कामाला यायच्या, त्यांच्याशी बोलायची. कोणी नसेल तर कोंबड्यांशी बोलायची. मी पाळीवरून आलो की कुडाच्या बाहेरून तिचा आवाज ऐकायचो आणि समजायचो, सगळं ठीक आहे.

स्टोव्ह भडकला तेव्हा आमची मुलगी आठवीत होती. पितळी स्टोव्ह, पंप मारायचा. बर्नर तुंबला होता म्हणून बायकोने पिन घातली, रॉकेल वर आलं, आणि भडका उडाला. अंगावर नायलॉनची साडी. पदर पेटला तो तिने उजव्या हाताने ओढून काढला. साडी वितळून हाताला चिकटली. आईने पाण्यात भिजवलेलं गोणपाट तिच्यावर टाकलं म्हणून बाकीची वाचली. मी पहिल्या पाळीला होतो. गावचा एक माणूस कारखान्याच्या गेटवर सांगत आला. मी तसाच रंगलेल्या कपड्यांत पालघरला दवाखान्यात गेलो, तर लोकांना वाटलं मीच भाजलोय.

त्या दिवसांत बाई स्टोव्हने भाजली की पोलीस यायचेच. हवालदार आला, मला बाहेर उभं केलं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. त्याने विचारलं, "बाई, घाबरू नका. खरं सांगा. नवऱ्याने पेटवलं का?"

ती म्हणाली, "त्यांना स्टो पेटवता येत नाय. बायको कुठनं पेटवणार?"

हवालदार हसला नाही. पण बाहेर आल्यावर मला म्हणाला, "चहा तरी करायला शिका हो." तेव्हा ती अशी होती. हात काळा झालेला आणि तोंड शाबूत. मला वाटलं, निभावलं.

पालघरहून मुंबईला मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, वयाने लहान, बोलायला सरळ. त्यांना मी विचारलं की एवढं भाजलं आहे तरी ही ओरडत का नाही. त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. म्हणाल्या, कातडं म्हणजे एक चादर नव्हे, थर असतात. सगळ्यात वरचा मेलेला असतो, आंघोळीला चोळून निघतो तो. त्याच्या खाली जिवंत कातडं, त्यात रक्ताच्या बारीक वाहिन्या, घामाच्या आणि तेलाच्या पिशव्या, आणि गरम, गार, टोचणं डोक्याला कळवणारे तंतू. त्याच्या खाली चरबी, मग स्नायू, मग हाड. "तुमच्या मिसेसचं मधलं जळालंय. कळवणारंच जळालं म्हणून तिला दुखत नाही. काका, दुखत नाही हे चांगलं नसतं."

मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं की दुखणं चांगलं असतं.

मग तिच्या मांडीचं कातडं पापुद्र्यासारखं काढून मनगटापासून बोटांच्या पेरापर्यंत हाताला लावलं. शुद्धीवर आल्यावर ती मांडी धरून कण्हायला लागली. मला म्हणाली, "अवो, हा काय उलटा न्याय? जळलं ते दुखत नाय आणि चांगलं होतं ते दुखतंय." काही दिवसांनी पट्टी सोडली. डॉक्टरीणबाई खूश. खालच्या रक्तवाहिन्या वर लावलेल्या कातड्यात शिरल्या होत्या. "लागलं," त्या म्हणाल्या. आम्ही कलमाला लागलं म्हणतो तसंच. बायकोने हाताकडे एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

घरी आलो. आईने भाताचा मुटका ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं, जवळ बसवलं. मग हात उलटापालटा करून बघितला. कातड्याचा रंग वेगळा, कडेने शिवणीसारखी उंच रेघ.

"हे कुठलं लावलं?" आईने विचारलं.

मी सांगितलं, "मांडीचं."

आईने हात सोडून दिला. नंतर म्हणाली, "कमरेखालचं."

एवढंच. पण आमच्या घरात तेवढं पुरेसं होतं. चुलीला हात चालेल, आई म्हणाली, आगीत सगळं शुद्ध होतं. धुण्याला चालेल, माडाला चालेल. वेलीला चालणार नाही. कमरेखालचं कातडं देवाच्या पानाला कसं लावणार? मी म्हणालो, "आये, कातडं कुठलं का असेना, हात तर हातच हाय ना?" आई म्हणाली, "चपलेचं चामडं डोक्याला बांधलं तर टोपी व्हते काय?"

माझी आई दुष्ट नव्हती. हे लिहायला पाहिजे, कारण सासू म्हटली की पुढचं लोक स्वतःच ठरवून टाकतात. सुनेला ती स्वतःच्या हाताने भरवत होती. तिची वेणी घालत होती. फक्त वेलीचा नियम तिने केलेला नव्हता, म्हणून तिला तो मोडता येत नव्हता.

मला वाटलं बायको भांडेल. ती आईशी भांडायची, आणि बऱ्याचदा जिंकायची. या वेळी म्हणाली, "आई बरोबर बोलतात. हा हात माझा नायच." आणि हात पदराखाली घेतला.

तिथून तो पदराखालीच राहिला. त्याला ती हात म्हणेना, 'तो' म्हणायला लागली. त्याला ऊन लागत नाय. त्याला पाणी कळत नाय. मुलगी म्हणायची, "आई, त्याला म्हणजे कोणाला?" तर ही गप्प. जेवायची डाव्या हाताने, चमच्याने, लोकांकडे पाठ करून. आईला डाव्या हाताचं जेवण सहन होत नसे, पण ती बघून न बघितल्यासारखं करायची.

शेजारची एक बाई होती, जिभेने तिखट, मनाने तशी बरी. हळदीकुंकवाला आली तेव्हा मोठ्याने म्हणाली, "वयनी, हात काढ ना बाहेर. मांडी झाकायची का हात झाकायचा, तूच ठरव बाय." बाया हसल्या. आधीची असती तर माझ्या बायकोने त्या बाईला घरी पोचेपर्यंत पुरेल एवढं ऐकवलं असतं. ती नुसती उठून आत गेली. मी ओटीवर नारळ सोलत होतो. बाया हसल्या त्याचं मला काही वाटलं नाही, पण ही गप्प बसली त्याची भीती वाटली.

दिवाळीनंतर तपासणीला मुंबईला गेलो. डॉक्टरीणबाईंनी मूठ वळायला सांगितली. वळेना. बोटं आत यायला लागली होती, दंड बारीक झाला होता. त्यांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "काका, आतलं सगळं जागेवर आहे. हाडं आहेत, स्नायू आहेत, मी लावलेलं कातडं जिवंत आहे. पण हिने हात टाकून दिलाय. स्नायूला काम नाही दिलं तर तो सुकतो, आणि हे कातडं आकसतं. असंच चाललं तर पावसाळ्यापर्यंत बोटं तळव्याला चिकटतील. मग परत कापायचं, आणि तेव्हा मी काही खात्री देणार नाही." मी विचारलं, मग करायचं काय. त्या म्हणाल्या की इथे मनाचे डॉक्टर आहेत, त्यांनाही दाखवून घ्या. हात तिच्या डोक्यातून निघून गेलाय, तो परत डोक्यात यायला हवा.

मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हाताला डोक्याचा डॉक्टर? मग माझं डोकं दुखलं की पायाला पट्टी बांधा. मी वेडी नाय." आणि चालायला लागली.

म्हणजे मुदत पावसाळ्यापर्यंतची होती. हात राहतो की जातो, एवढाच प्रश्न होता, आणि ज्याचा हात त्यालाच तो नको होता.

लावलेल्या कातड्याला स्वतःचा घाम नाही, स्वतःचं तेल नाही. बाहेरून तेल लावलं नाही तर ते तडकतं. ती लावेना. मग मी लावायला लागलो. सकाळी पाळीला जायच्या आधी खोबरेल तेल घ्यायचं, हात मांडीवर घ्यायचा आणि चोळायचं, एकेक बोट सरळ करायचं. तो हात स्पर्शाला सुकलेल्या सोपटासारखा होता, गुळगुळीत आणि कोरडा. ती तोंड फिरवून बसायची. मी विचारायचो, "कळतं काय?" ती म्हणायची, "तुमी चोळताय हे दिसतं." माझी बोटं पिवळी, तिचा हात काळसर, आणि मधे तेल.

कारखान्यात माझ्याबरोबर चिंचणीचा एक जण होता. त्याची चिकूची वाडी. डबा खाताना त्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या आयेला सांग, आमच्या चिकूला खाली रायणीचं खोड असतं. रायणीवर चिकूचं कलम बांधतात. पण खाताना कोणाला रायण लागते का? चिकूच लागतो." बाजूला बसलेला भय्या म्हणाला, "सही बात है चाचा, जड़ किसी की भी हो, नाम फल का।" मला हे फार पटलं. घरी जाऊन आईला सांगितलं. आईने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चिकू कोण देवापुढं ठेवतं?"

मी परत माडाला पाणी घालायला गेलो.

मुलगी आता नववीत होती. ती धडे मोठ्याने वाचायची, कारण मनात वाचलं तर झोप येते म्हणायची. एका संध्याकाळी शास्त्राचा धडा वाचत होती. माणसाचं शरीर पेशींचं बनलेलं, आणि एकसारखं काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. अंगावरून आच्छादन घालणारी एक, सगळं एकमेकांना बांधून ठेवणारी एक, ओढण्या-ढकलण्याची एक, आणि निरोप नेणारी एक. मला ते आमच्या वाडीसारखंच वाटलं: कूड, सोपट, मजूर आणि हाक मारणारा माणूस. आई तांदूळ निवडत होती. मुलीने वाचलं की कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी सारख्या मरून गळत असतात आणि खालून नव्या येत असतात.

आईचा हात थांबला. "परत वाच."

मुलीने परत वाचलं.

"सगळ्यांच्या गळतात?"

"सगळ्यांच्या, आजी. तुझ्यापण."

"आणि तुझ्या आयेच्या हातावर लावलेल्या?"

"त्यापण गळणारच ना. पुस्तकात हात-मांडी असं वेगळं दिलेलं नाय."

"आणि रक्त? त्यात रक्त कुठलं हाय?"

हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "हाताचं. हाताच्या वाहिन्या वर गेल्या, तवा ते लागलं. डॉक्टरीण म्हणाली."

आईने सूप बाजूला ठेवलं. ती विचार करायची तेव्हा तिचा खालचा ओठ पुढे यायचा. मग म्हणाली, "म्हणजे मांडीचं होतं ते गळून गेलं. आता हाय ते हाताच्या रक्तावर वाढलेलं. ज्याचं पाणी त्याची वेल. हाताचंच झालं." आणि आत वळून ओरडली, "सूनबाय, उद्या आंघोळ करून वाडीत ये!"

पुढे मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ हसल्या. म्हणाल्या, "शास्त्र अगदी तसं नाही काका. पण असू द्या. आजींना काही सांगू नका."

बायको आतून बाहेर आली. चेहऱ्यावर राग होता, आणि राग बघून मला बरं वाटलं. म्हणाली, "तुमी म्हणाल तवा तो मांडीचा, तुमी म्हणाल तवा हाताचा. मला विचारलं कोणी?"

आई म्हणाली, "मग विचारते. तुझा हाय की नाय?"

"नाय," ती म्हणाली. "मला तो कळत नाय. कोणी कापून नेला तरी कळायचं नाय. असला हात घेऊन वेलीत येऊ? गाठ किती घट्ट बसली ते मला कळणार कसं? वेल मरेल, मग म्हणाल हिच्या हातानं मेला."

आईने सूप परत पुढ्यात ओढलं. गाठीचं बोलली ते खरं होतं.

उन्हं चढली आणि वेल उतरवायचे दिवस आले. वर्षभरात वेल काठीच्या वर जातो, खाली नुसता उघडा दोरखंडासारखा राहतो आणि पानं बारीक यायला लागतात. मग सगळ्या गाठी सोडायच्या, वेल खाली घ्यायचा, खालचा जुना भाग गोल वेटोळं करून मातीत पुरायचा आणि शेंडा परत काठीला लावायचा. पुरलेल्याला नवी मुळं फुटतात आणि वेल पुन्हा तरणा होतो. यात एकाने खाली बसून वेटोळं करायचं आणि एकाने शेंडा अधांतरी धरून उभं राहायचं. शेंडा मोडला की तो वेल गेला.

त्या वर्षी आईची कंबर धरली होती. डोंगराकडच्या बायांपैकी दोघीच आल्या होत्या, त्या खालच्या ओळीत. माझी सुट्टी होती, पण मला कुडाच्या आत यायची बंदी. मी बाहेर माती चाळून पाट्या भरत होतो. बायको कुडाच्या आत येऊन बसायला लागली होती, पण लांब, केळीच्या सावलीत, हात पदराखाली. आई एकटीच आंब्याजवळच्या काठीचा वेल सोडत होती. शेवटची गाठ सुटली आणि वेल सगळाच अंगावर आला. आई ओरडली, "धर गो, धर!"

बायको धावली. डाव्या हाताने शेंडा धरला. पण भार मोठा होता, वेल मधे वाकायला लागला. तिने उजवा हात पदरातून काढला आणि खालून टेकू दिला, लाकडाचा द्यावा तसा. आई खाली बसून वेटोळं करायला लागली. बायको मान वर करून शेंड्याकडे बघत उभी.

आंब्यावर लाल मुंग्यांचं घरटं होतं, पानं चिकटवून करतात तसलं. वेल घासला तसं ते हललं. मुंग्या काठीवरून वेलीवर आणि वेलीवरून तिच्या हातावर आल्या. मला बाहेरून दिसत होतं. तिला दिसत नव्हतं, आणि कळतही नव्हतं. त्या लावलेल्या कातड्यावर फिरत होत्या आणि ती शांत उभी. मी हाक मारणार होतो.

तेवढ्यात ती किंचाळली. "अगो आये, चावली गो! चावली!"

"सोडू नको!" आई खालून ओरडली. "शेंडा मोडेल! हललीस तर बघ!"

"अवो, मेल्या जीव घेतात!"

"घेऊ दे! उभी रहा!"

ती उभी राहिली. मुंग्यांना, आंब्याला, आईला, आंबा लावणाऱ्या माझ्या बापाला, सगळ्यांना शिव्या देत उभी राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. आईने घाई केली नाही, वेटोळं नीट बसवलं, माती लोटली, शेंडा काठीला लावला, गाठ मारली. मग म्हणाली, "सोड आता."

बायकोने मुंग्या झटकल्या आणि हात डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याच्या बाजूला, शिवणीच्या थोडं आत, दोन लाल ठिपके उठले होते. तिने तिथे डाव्या बोटाने दाबलं. परत दाबलं. मग थोडं बाजूला, मग परत तिथेच. आम्ही दोघं बघत होतो.

"आये," ती म्हणाली, "माझ्या हाताला चावल्या."

आई म्हणाली, "मग काय माझ्या चावणार? चल, दुसरी काठी घे."

तिने दुसरी काठी घेतली.

डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं की तंतू कडेकडून हळूहळू आत येतात, म्हणून पहिलं कळणं कडेला. ते मुंग्यांच्या आधीच आलेलं असणार, हिने हात वापरला नाही म्हणून हिला पत्ता नव्हता. मी विचारलं, तंतू आले म्हणून मन आलं, की मन आलं म्हणून तंतू? त्या म्हणाल्या, काका, ते आम्हालाही नीट माहीत नाही. मला उत्तर आवडलं. खोटं सांगितलं नाही.

हात पूर्ण परत आला असं नाही. दोन बोटं शेवटपर्यंत अर्धी वाकलेली राहिली. मधला भाग मुकाच राहिला; गरम तव्याला लागला तर तिला वासावरून कळायचं. पान ती डाव्या हाताने खुडायची आणि गाठ दोन्ही हातांनी मारायची. गाठीत जागा आहे की नाही हे अंगठ्याच्या कडेने बघायची, जिथे मुंग्या चावल्या होत्या तिथे. पावसाळा आला तेव्हा तिची मूठ तीन बोटांची वळत होती. ती शेजारीण एकदा कुडाबाहेरून म्हणाली, "वयनी, मांडीनं पानं खुडतेस काय गो?" ही आतून म्हणाली, "हो बाय. माझी मांडीपण कामाला येते. तुझं ढुंगण कशाला आलं काय कधी?" दोघी हसून हसून खाली बसल्या. मी पाळीवरून येत होतो. कुडाबाहेर थांबलो, ऐकलं आणि घरात गेलो.

तेल चोळायचं काम माझ्याकडेच राहिलं. तिला जमलं असतं, पण ती म्हणायची, "तुमाला दुसरं येतं काय?" आई गेली, मुलगी लग्न होऊन गेली, मी कारखान्यातून निवृत्त झालो. वर्षभरात नखं वाढून त्यांतला रंग निघून गेला. तेव्हा बायको म्हणाली, "आता यायला हरकत नाय वाडीत." मग आम्ही दोघं वेल उतरवायचो, मी शेंडा धरायचा आणि तिने वेटोळं करायचं.

मागच्या थंडीत ती गेली. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय हाही एक स्नायूच, तो थांबला. याला आराम कधी मिळालाच नव्हता, मग सुकला कसा, हे मी विचारलं नाही. सवाष्ण गेली म्हणून बायांनी हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, ओटी भरली. मग हिरव्या बांगड्या भरायला घेतल्या. डाव्या हातात भरल्या आणि उजवा हात उचलला. मी दाराशी बसलो होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या हातात नको. टोचतं तिला."

सगळ्या थांबल्या. खरंच, भाजल्यापासून तिने त्या हातात काच कधी घातली नव्हती, शिवणीला लागायची. ती शेजारीण आता म्हातारी झाली आहे. ती मुलीच्या बाजूला बसली होती. हळू म्हणाली, "भाऊ, आता कुठलं टोचतंय?"

मी म्हणालो, "कोरडा हाय म्हणून टोचतं."

मुलगी उठली आणि खिडकीतली खोबरेल तेलाची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. थंडीचे दिवस, तेल गोठलेलं. मी बाटली दोन्ही हातांत धरून बसलो. ते पातळ व्हायला वेळ लागतो. तोवर बाया थांबल्या. मग मी हात मांडीवर घेतला, मनगटापासून सुरुवात केली आणि एकेक बोट चोळलं. वाकलेली दोन बोटं सरळ होत नाहीत हे मला माहीत होतं, तरी केली. अंगठ्याच्या कडेला जरा जास्त चोळलं. सगळीकडे तेल लागलं की नाही ते बघितलं.

मग बांगड्या सहज चढल्या.